‘ग्रुप तेवढा निगेटिव्ह आहे’

राजेंद्र नगर, इंदूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सोन्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, हिमोग्लोबिन १०.४, थायरॉइड ठीक, शुगर ठीक, “आणि ग्रुप तेवढा निगेटिव्ह आहे, बाकी सगळं नॉर्मल.” मग तुझी मीटिंग सुरू झाली आणि तू फोन ठेवलास. मी पोळ्या करायला उठले खरी, पण तवा तापत राहिला आणि मी ओट्याला टेकून नुसती उभी. बाबांनी येऊन गॅस बंद केला. काय झालं विचारलं. मी म्हटलं, “सूनबाईचा ए निगेटिव्ह आहे.” ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि कपाटाच्या वरच्या खणातली जुनी फाइल घेऊन आले.

फाइल १९९२ची आहे. तुझी. तिच्यात माझे तपासणीचे कागद आहेत, रक्तपेढीच्या दोन पावत्या आहेत आणि तुझ्या पायाला बांधलेली नावाची पट्टी आहे.

तुला एवढंच माहीत आहे की जन्मल्या जन्मल्या तुला कावीळ झाली होती आणि निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. ताईलाही तेवढंच माहीत. पुढचं आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या गोष्टीत वाईट मनाचं कुणीच नव्हतं आणि तरी वाईट झालं. असली गोष्ट मुलांना कुठून सांगायला सुरुवात करायची ते कळत नाही. आता सांगायलाच हवी. सूनबाई निगेटिव्ह आहे, तू पॉझिटिव्ह आहेस, आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती बडोद्याहून ग्वाल्हेरला माहेरी जाणार आहे. या तीन गोष्टी मनात एकत्र आल्या की माझ्या पोटात गोळा येतो. फोनवर सांगितलं असतं तर तू “हो आई, बघतो” म्हणाला असतास, म्हणून लिहायला बसले.

माझा ग्रुप बी निगेटिव्ह. ताईच्या वेळी, १९८८ साली, माझं नाव इथे इंदूरलाच एका डॉक्टरीणबाईंकडे नोंदवलं होतं. आजच्यासारखी तपासण्यांची लांबलचक यादी तेव्हा नव्हती. वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, व्हीडीआरएल आणि ग्रुप, एवढंच. एका जाड गुलाबी कार्डावर बाईंनी लिहिलं, बी, आरएच निगेटिव्ह, आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, “हे कार्ड जपा. बाळंतपण कुठेही झालं तरी आधी हे दाखवा. नंतर एक इंजेक्शन घ्यावं लागेल.” मी मान डोलावली. चोवीस वर्षांची होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि तुझे मामा मला देवासला न्यायला आले. सामान आजीनं बांधलं. साड्या, दुपटी, डिंक, खारीक, अळीव. कार्ड कपाटात पासबुकांखाली राहिलं. देवास इथून चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. बसनं जाऊन कुणीही अर्ध्या दिवसात आणून दिलं असतं. पण ते आणायचं आहे हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

देवासच्या प्रसूतिगृहात त्यांनी ग्रुप विचारला नाही आणि मी सांगितला नाही. बाळंतपण सुखरूप झालं, मला रक्त चढवायची वेळ आली नाही, त्यामुळे ग्रुपचं कामच पडलं नाही असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ताईचा ग्रुप कुणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले. बाबा इंदूरहून बर्फी घेऊन आले होते, घरभर माणसं होती, आणि त्या गडबडीत बहात्तर तास उलटून गेले.

ते बहात्तर तास म्हणजे काय, ते नीट ऐक. हे मी नंतर विचारून, वाचून, वर्षानुवर्षं मनात घोळवून शिकले आहे. तांबड्या पेशींवर डी नावाचा एक घटक असतो. तो ज्यांच्यात असतो ते पॉझिटिव्ह, नसतो ते निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरांत साधारण पाच जण निगेटिव्ह. हा काही आजार नाही, सूनबाईच्या तब्येतीत यामुळे काडीचीही उणीव नाही, हे तिला आधी सांग. प्रश्न येतो तो पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असलं तर. नऊ महिने आईचं आणि बाळाचं रक्त सहसा वेगळं राहतं, पण बाळंत होताना, वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, त्यामुळे त्याला सहसा काही होत नाही. पण शरीर ती ओळख विसरत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्या अँटिबॉडी वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडायला लागतात. अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत दिलं, तर आईच्या शरीराला ओळख पटायच्या आतच बाळाच्या त्या पेशींचा निकाल लागतो. हे इंजेक्शन १९६८पासून वापरात आहे. ताई जन्मली तेव्हा त्याला वीस वर्षं झाली होती.

मग १९९२. तुझ्या वेळी मी ठरवलं होतं की बाळंतपण इंदूरलाच करायचं. पहिल्या डॉक्टरीणबाई गाव सोडून गेल्या होत्या, म्हणून दुसऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी तपासायच्या आधी सगळे कागद वाचून काढले. गुलाबी कार्ड आता मी नेलं होतं, घरात सापडेल तो कागद घेऊन ये असं त्यांनी सांगितलं होतं म्हणून. ते पाहून त्यांनी विचारलं, “पहिलीच्या नंतर इंजेक्शन घेतलं होतं ना?”

मी म्हटलं, “कुठलं?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, “काही हरकत नाही, आपण एक तपासणी करू.” ती इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. माझ्या रक्तात त्या अँटिबॉडी आहेत का, हे बघायचं. होत्या. एकास सोळा; दुसरा आकडा जितका मोठा, तितक्या अँटिबॉडी जास्त. पुढे महिन्याच्या महिन्याला रक्त, शेवटी पंधरा पंधरा दिवसांनी. एकास बत्तीस झालं तेव्हा बाईंनी मला मोठ्या रुग्णालयात नाव घालायला लावलं, लहान मुलांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलल्या आणि सदतिसावा आठवडा भरल्यावर कळा आणवायचं ठरवलं. तू यायच्या आधीच तुझ्यासाठी रक्ताची एक पिशवी ठेवलेली होती. हे सगळं त्या एका तपासणीमुळे. तीसुद्धा झाली नसती तर तुझी कावीळ “होते मुलांना, ऊन दाखवा” म्हणून दोन दिवस अंगणात गेली असती.

तू सकाळी जन्मलास आणि दुपारी तुझे तळवे पिवळे दिसायला लागले. साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. पहिल्या चोवीस तासांत आली की ती साधी नव्हे, एवढं आयुष्यभर लक्षात ठेव. पिवळेपणा फार वाढला तर तो मेंदूपर्यंत जातो, ऐकू येणं जातं, पुढचं तर मला लिहवत नाही. तुझ्या नाळेतून बारीक नळी घालून त्यांनी तुझं रक्त बदललं. थोडंसं काढायचं, तेवढंच दुसरं घालायचं, पुन्हा काढायचं. असं दोन तास. मला आत येऊ दिलं नाही, बाबा काचेपाशी उभे होते. ते मोजत होते म्हणे, पण किती ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

रात्री पुन्हा पिवळेपणा चढला. दुसऱ्यांदा रक्त बदलावं लागणार होतं, आणि आणलेली पिशवी वापरून झाली होती. निगेटिव्ह रक्त पाहिजे, तेही ताजं. मोबाइल नव्हते. बाबा बजाज स्कूटर घेऊन निघाले. होस्टेलांची दारं वाजवली, ऑफिसातल्या लोकांना उठवलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून क्लॉथ मार्केटमधल्या एका सिंधी व्यापाऱ्यांच्या घरी गेले. ओळखदेख काही नाही. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. त्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, “बच्चा कितने घंटे का है?” बाबा म्हणाले, “चौदह.” ते तशाच चपला पायात घालून स्कूटरवर मागे बसले. रक्त देऊन झाल्यावर बाबा त्यांना सोडायला निघाले तर म्हणाले, तुम्ही इथेच थांबा, मी रिक्शानं जाईन. बाबांनी पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचा डबा नेला. तुला आठवत असेल, तू पुढे उभा राहून जायचास. कुणाकडे जातो आहोत हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर वर्षभर बाबा तुझ्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवायचे. तू मान वळवलीस की माझ्याकडे बघायचे. दिवसातून दहा वेळा. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा “उत्तम आहे” सांगितल्यावरही थांबले नाहीत. आणि आम्हाला सांगितलं गेलं की तिसऱ्याचा विचार करू नका, दर वेळी जास्त कठीण होत जातं. मला तीन मुलं हवी होती. हेही तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

मी छत्तीस वर्षं विमा कार्यालयात लोकांच्या फाइली सांभाळल्या. एक कागद कमी असला की दावा अडकायचा, म्हणून मी माणसांना तीन तीनदा परत पाठवलेलं आहे. आणि माझं स्वतःचं कार्ड चाळीस किलोमीटर गेलं नाही. तपासणी झाली होती, बरोबर झाली होती, बाईंनी दोन रेघाही मारल्या होत्या. ती पुढच्या हातापर्यंत पोचली नाही. म्हणून सोन्या, तुझ्याकडे मी एकच मागणं मागते. सूनबाईच्या अंगातलं रक्त काढायला लॅबवाला येईल, वाचायला डॉक्टरीणबाई आहेत. ते कागद इकडून तिकडे नेण्याचं काम तुझं. तिच्यावर टाकू नकोस. तिला मळमळतं आहे, झोप नीट लागत नाही, आणि ज्याच्या अंगावर सुया टोचतात त्यालाच हिशेबही ठेवायला लावणं हे मला पटत नाही.

आता पुढचं. मी आठवडे पंचांगावर मांडून बघितले.

आज दहा आठवडे झाले. अकरा ते पावणेचौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन आणि त्याबरोबर डबल मार्कर होतो, म्हणजे पुढच्या बुधवारपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ही मुदत गेली की तो स्कॅन पुन्हा करता येत नाही, तेव्हा ऑफिसच्या कामासाठी तारीख पुढे ढकलू नकोस. त्या स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागची पाण्याची जागा मोजतात, आणि त्या मापावरून व रक्तावरून बाळात डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याचा एक आकडा काढतात, एकास इतके असा. तो आकडा नीट समजून घे. तो शक्यता सांगतो, निदान सांगत नाही. समजा एकास दोनशे आला आणि कागदावर लाल अक्षरांत “हाय रिस्क” छापून आलं, तरी त्याचा अर्थ असा की अशा दोनशे बायकांपैकी एकशे नव्याण्णव जणींच्या बाळांना तो दोष नसतो, पण पुढची तपासणी करून खात्री करून घ्यावी. आपल्या गल्लीतल्या काकूंच्या मुलीनं तो कागद घरी एकटीनं उघडला होता. नवरा दौऱ्यावर. तीन दिवस ती जेवली नाही. पुढच्या तपासणीत सगळं व्यवस्थित निघालं, पण ते तीन दिवस कुणी परत देणार नाही. रिपोर्ट फोनवर आला तरी तुम्ही दोघं शेजारी बसल्याशिवाय उघडायचा नाही.

सोनोग्राफीच्या आधी एक अर्ज भरून घेतात, त्यावर सूनबाईला सही करावी लागते की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. १९९४च्या कायद्यानं ते सांगायलाही बंदी आहे आणि विचारायलाही. हे मी लिहिते आहे कारण ग्वाल्हेरकडच्या कुणा मावशीनं सूनबाईला फोन करून काहीबाही विचारल्याचं तू हसत हसत सांगितलंस. पुढच्या वेळी हसू नकोस. फोन तू घे आणि सांग की आमच्या घरी कुणाला हे कळून घ्यायचं नाही. डोहाळजेवणाला पेढा की बर्फी एवढं आम्हाला पुरे.

थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली का, ते तू सांगितलं नाहीस. ती विचार. हिमोग्लोबिन १०.४ म्हणजे “ठीक” नव्हे. गरोदरपणी अकराच्या वर पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के ॲनिमिक निघाल्या होत्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. बहुतेकींना लोह कमी पडतं आणि गोळीनं भरून येतं. पण काही जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं ते थॅलेसेमियाच्या वाहक असतात म्हणून. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला कळतही नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत हे जास्त दिसतं, पण आपल्यात नाहीच असं कुणी सांगू नये. ती वाहक निघाली तर लगेच तुझं रक्त तपासायचं, कारण दोघंही वाहक असले तर दर बाळामागे चारात एक शक्यता असते मोठ्या आजाराची. तिची तपासणी आधी केली की तुझी वेळ पडली तरच करायची, अशी रीत आहे. मी तर म्हणते, तू उद्याच करून टाक. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तिचं तपासलंय, तर तुझंही होऊ दे. सुई तुलाही टोचली की तिला बरं वाटेल.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांग, आणि मागेपुढे तासभर चहा नाही. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरायचं नाही. एवढंच.

संक्रांतीच्या आसपास एकोणिसावा आठवडा असेल, तेव्हा मोठा स्कॅन, ॲनॉमली स्कॅन म्हणतात तो. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय, सगळं एकेक करून बघतात. अर्धा-पाऊण तास लागतो, बाळ पालथं असलं तर बाहेर चक्कर मारून यायला सांगतात. डॉक्टर गप्प राहून बघत असतात तेव्हा बाई टेबलावर छताकडे बघत पडलेली असते आणि त्यांचं प्रत्येक “हं” मोजत असते. त्या वेळी तिचा हात धर.

मग ग्लुकोजची. ती चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या मधे, म्हणजे होळीच्या आधी उरकेल. पहिल्या वेळी शुगर ठीक आली तरी ही पुन्हा करतात, कारण वार मोठी होते तशी तिच्यातून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो आणि साखर त्या सुमारास चढते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज साधारण तीनशे मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. या पद्धतीला उपाशीपोटी जावं लागत नाही, पण काही ठिकाणी दुसऱ्या पद्धतीनं करतात आणि रिकाम्या पोटी बोलावतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचार. प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. दोन तास बाकावर बसणं फार जिवावर येतं. लॅपटॉप नेऊ नकोस, तिच्याशी बोल. आणि मी काय खाल्लं म्हणून साखर वाढली असं ती म्हणाली, तर तिला तसं म्हणू देऊ नकोस.

बीपी आणि लघवी तर दर खेपेला. कंटाळून कधी टाळू नका. बीपी १४०/९० झालं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं, चेहरा सुजला, तर सकाळची वाट बघायची नाही.

आता आपलं मूळचं. सूनबाईची कूम्ब्स टेस्ट पहिल्या रक्तात झाली आहे का, हे आज विचार. अठ्ठावीस आठवडे १८ मार्चला भरतात, पाडव्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा ती टेस्ट पुन्हा, आणि अँटिबॉडी नसल्या तर अँटी-डीचं पहिलं इंजेक्शन. हे माझ्या वेळी नव्हतं. नुसतं बाळंतपणानंतर दिलं तरी शंभरांतल्या एखाद-दुसरीला अँटिबॉडी होतातच, कारण शेवटच्या तीन महिन्यांतही कधी थोडं रक्त मिसळतं. अठ्ठाविसाव्याला दिलं की तेही जवळजवळ थांबतं. हे इंजेक्शन बडोद्यालाच घ्या, प्रवासाच्या आधी, आणि तारीख, मात्रा, बाटलीवरचा बॅच नंबर ममता कार्डावर, गरोदरपणाच्या नोंदींच्या त्या सरकारी कार्डावर, लिहून घ्या. मधल्या काळात कधी रक्तस्राव झाला, ती स्कूटीवरून पडली, पोटाला मार बसला, किंवा पोटातलं पाणी काढून तपासायची वेळ आली, तर त्यालाही बहात्तर तासांचाच नियम आहे. “थोडंसंच होतं, थांबलं” म्हणून घरी बसायचं नाही.

बाळाचा ग्रुप काय असेल, याचं गणित बाबांनी काल कागदावर मांडलं. मी निगेटिव्ह, म्हणून माझ्याकडून तुला डी नसलेलाच वाटा मिळाला. तू पॉझिटिव्ह आहेस तो बाबांच्या वाट्यामुळे. तुझ्याकडे एक डी असलेला वाटा आणि एक नसलेला. सूनबाईकडे दोन्ही नसलेले. म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता अर्धी, निगेटिव्ह असण्याची अर्धी. निगेटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतरचं इंजेक्शन लागणारच नाही. पण हे जन्मल्यावर नाळेचं रक्त तपासूनच कळेल, ग्रुप आणि डायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे बाळाच्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्या आहेत का ते. ते रक्त घ्यायला सांगायचं असतं, आणि सांगणारा माणूस तू.

ग्वाल्हेरला जायच्या महिनाभर आधी तिकडच्या डॉक्टरांशी तू बोल. सासूबाईंवर सोपवू नकोस. त्या प्रेमळ आहेत, पण डिंकाचे लाडू आणि पाळणा यांच्या गडबडीत माझ्या आईचंही असंच झालं होतं. त्यांना विचार, अँटी-डी तुमच्याकडे ठेवलेलं असतं की मागवावं लागतं? ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. जूनमध्ये ग्वाल्हेरला काय ऊन असतं ते तुला माहीत आहे, तेव्हा पिशवीत घालून नेऊ म्हणू नकोस, त्यांनाच आणून ठेवायला लावा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिही: ए, आरएच निगेटिव्ह, आणि कुठल्या तारखेला काय दिलं. त्याच्या तीन झेरॉक्स. एक तिच्या पर्समध्ये, एक तुझ्या पाकिटात, एक ग्वाल्हेरला आधीच पोचलेली. बाळंतपण येतंय अधिक ज्येष्ठात. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा थाट करतील, वाण देतील, ताट मांडतील. ताटावर बसायच्या आधी फाइल डॉक्टरांच्या टेबलावर पोचलेली असू दे.

आणखी एक, मला फार दिवस बोलायचं होतं ते. हे अँटी-डी अजूनही बरंचसं माणसांनी दिलेल्या प्लाझ्मातून करतात. आता प्रयोगशाळेतल्या पेशींपासून बनवलेलंही आपल्याकडे मिळतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या रक्तात या अँटिबॉडी होत्या. त्यांनी ११७३ वेळा दान केलं, २०१८पर्यंत. या फेब्रुवारीत ते गेले. मी ती बातमी कापून तुझ्या १९९२च्या फाइलमध्ये ठेवली आहे, रक्तपेढीच्या पावत्यांशेजारी.

अवंतिका एक्सप्रेसचं २४ तारखेचं तिकीट काढलं आहे, एनटी स्कॅनच्या आधी पोचते. बाबा गुडघ्यामुळे येत नाहीत. मी खोलीत येणार नाही, आत तू जायचंस. मी बाहेर बाकावर डबा घेऊन बसेन. सराफ्यात गराडू (तळलेले कंद) आले आहेत, पण ते गरमच खायचे, तेव्हा सूनबाईसाठी आणत नाही. तिखट शेव आणते, तिला मळमळतं तेव्हा बरी लागते म्हणाली होती. गुलाबी कार्डही आणते. ते तिच्या हातात देऊन सगळं मीच तिला सांगणार आहे. तोपर्यंत हे पत्र तिला वाचायला दिलंस तरी चालेल.

तुझी
आई

ता. क. बाबा म्हणताहेत, ए निगेटिव्ह रक्त देऊ शकतील अशा चार माणसांची नावं आणि नंबर ग्वाल्हेरमध्ये आत्तापासून जमवून ठेव. त्यांच्या भाच्याचा ओ निगेटिव्ह आहे, त्याच्याशी ते आजच बोलले. तो जूनमध्ये तिथेच आहे.